रॅबिट होल: मूल गेल्यानंतरचं घर इतकं खरं क्वचितच दिसतं

मूल गेल्याचं दुःख दाखवणारे पिक्चर मी शोधून शोधून बघते आणि त्यातल्या बऱ्याच पिक्चरांवर माझा राग आहे, कारण हॉस्पिटल, हंबरडा, मागे व्हायोलिन आणि शेवटी सगळे गळ्यात पडून मोकळे, झालं. रॅबिट होल (2010) मात्र मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन.

निकोल किडमन आणि एरन एकहार्ट म्हणजे बेका आणि हॉवी. त्यांचा चार वर्षांचा डॅनी कुत्र्यामागे धावत रस्त्यावर गेला आणि गाडीची धडक बसून गेला, पण पिक्चर सुरू होतो तेव्हा त्याला आठ महिने होऊन गेलेत. म्हणजे भेटायला येणारे थांबलेत, लोक आपापल्या कामाला लागलेत आणि हे दोघं मात्र त्याच घरात. तिला त्याच्या वस्तू डोळ्यासमोर नकोत, कपडे देऊन टाकते, फ्रीजवरची चित्रं उतरवते, घरच विकू म्हणते. हॉवीला प्रत्येक गोष्ट जपायचीय, रात्री एकटा बसून फोनवर मुलाचा व्हिडिओ बघत राहतो. आणि मग तो व्हिडिओ तिच्याकडून चुकून डिलीट होतो!! त्यावरून जे भांडण पेटतं ते बघताना मला कुणाचीच बाजू घेता येईना, दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघंही एकमेकांना तोडतायत. मला वाटतं या विषयावरच्या पिक्चरची खरी परीक्षा हीच, की एकाच घरातल्या दोन माणसांचं दुःख वेगवेगळ्या चालीनं चालतं हे दिग्दर्शकाला कळलंय की नाही. जॉन कॅमेरून मिचेलला ते पक्कं कळलंय.

मूल गमावलेल्या आईबापांच्या सपोर्ट ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतं की देवाला अजून एक देवदूत हवा होता, त्यावर बेका सरळ विचारते की देवच आहे ना, मग त्याने स्वतः नवा का नाही बनवला. लोकांना ती तिथे उद्धट वाटते. पुढे दुकानात एक आई मुलाला खाऊ घेऊन देत नाही म्हणून ही बाई त्या आईला चक्क थोबाडीत मारते. किडमनने बेकाला गोड करायचा प्रयत्नच केलेला नाही, ऑस्करचं नॉमिनेशन होतं तिला यासाठी आणि मला तर तिचं सगळ्यात चांगलं काम हेच वाटतं. डायन वीस्ट बेकाची आई, तिचाही मोठा झालेला मुलगा गेलेला, आणि ती तळघरात लेकीला सांगते की हे जात नाही, पण खिशात विटेसारखं घेऊन फिरता येईल इतकं होतं. किती साधं बोलते ती, आवाज सुद्धा चढवत नाही.

डॅनीला धडकलेली गाडी चालवणारा शाळकरी पोरगा माइल्स टेलरने केलाय आणि बेका त्याला बागेत भेटायला लागते तो भाग फार हळुवार झालाय. हॉवीचं ग्रुपमधल्या बाईकडे ओढलं जाणं मात्र घाईघाईत उरकलंय, तिथे अजून वेळ द्यायला हवा होता. मूळ नाटक डेव्हिड लिंडसे अबेअरचं, त्याला 2007 चं पुलित्झर हे अमेरिकेतलं मोठं पारितोषिक मिळालं होतं, पटकथाही त्याचीच, त्यामुळे संवाद घट्ट आहेत पण काही सीन रंगमंचावरचे वाटतात हेही खरं.

आवडला तर पुढे ऑर्डिनरी पीपल (1980) घ्या, रॉबर्ट रेडफर्डचा दिग्दर्शक म्हणून पहिला पिक्चर आणि थेट ऑस्कर. त्यातल्या आईला लोक थंड, दुष्ट म्हणतात, मला नाही पटत, थोरला मुलगा गेल्यावर टेबलावरचे रुमाल नीट ठेवणं एवढंच तिच्या हातात उरलंय आणि ते सोडलं तर ती कोसळेल हे मेरी टायलर मूर प्रत्येक फ्रेममध्ये दाखवते. आणि आपला सारांश (1984) तर हवाच. मुलाच्या अस्थी सोडवायला कस्टममध्ये गेलेला बाप, अनुपम खेर तेव्हा फक्त 28 वर्षांचा होता हे अजूनही खरं वाटत नाही, आणि शेजारी रोहिणी हट्टंगडी पुनर्जन्माच्या आशेला धरून बसलेली. इथेही नवरा-बायकोच्या दोन वाटा, बघा.

रॅबिट होल दीड तासाचाच आहे. पण घरात असं काही नुकतंच घडलं असेल तर आत्ता बघू नका, आणि दुसऱ्याला धीर येईल म्हणून लावून तर अजिबात देऊ नका, त्यांना स्वतःला बघावासा वाटेल तेव्हा बघू दे.