वर्षाचं एकदम भरायचं, की महिन्याचं महिन्याला?

मार्च संपत आला की आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या गल्लीत एमपी शरबती गव्हाचे टेम्पो फिरायला लागतात. भोंग्यावर भाव ओरडला जातो आणि ओट्याओट्यावर एकच विषय निघतो, यंदा गहू किती भरायचा. यंदा त्यात नणंदेचाही फोन आला. ती पाथर्डी फाट्याला भाड्याच्या वन बीएचकेत राहते. घरात चौघं, अंबडच्या कंपनीतला एकच पगार, आणि किराणा महिन्याच्या महिन्याला. "वहिनी, तुमच्यासारखं मीही यंदा वर्षाचं भरून टाकू का? सगळे म्हणतात खूप वाचतात."

खूप म्हणजे किती, ते कोणीच सांगत नाही. मी नऊ वर्षं साठवण करते आहे. मध्ये एक वर्ष सासऱ्यांच्या ऑपरेशनमुळे एप्रिलमध्ये हातात पैसेच नव्हते, तेव्हा सगळं महिन्याला आणलं. दोन्ही तऱ्हेच्या वर्षांची वही घरात आहे. ती काढून बसले आणि माझाच थोडा हिरमोड झाला.

गव्हापासूनच धरू. चौघांना महिन्याला १० किलो गहू लागतो, बाजरी-ज्वारी वेगळी. वर्षाचे १२० किलो झाले. समजा एप्रिलमध्ये एकदम घेतला तर ३४ रुपये किलो पडला आणि वाण्याकडून महिन्याला सुटा घेतला तर वर्षाची सरासरी ४० आली. (भाव तुमच्या गल्लीतले घाला, रीत तीच.) किलोमागे सहा, म्हणजे वर्षाला ७२० रुपये वाचले. बहुतेक जणी इथेच थांबतात. पण टेम्पो आणि हमाली २०० धरा. चाळून-निवडून आणि किडीत मिळून तीन किलो तरी जातात, ते १०० रुपये. कडुलिंबाचा पाला, नवं झाकण असलं किरकोळ ५०. शिवाय ४,०८० रुपये एप्रिलमध्येच गुंतले. गहू संपत जातो तसे मोकळे होतात, म्हणून वर्षभर सरासरी निम्मे अडकले असं धरलं तरी ७ टक्क्यांनी १४३ रुपये व्याज बुडालं. ७२० मधून हे ४९३ गेले. राहिले २२७.

वर्षभर कोठीची चाकरी करून सव्वादोनशे रुपये!

मग "खूप वाचतात" हे आलं कुठून? ज्या बायका तयार आट्याच्या पिशव्या आणायच्या आणि नंतर गहू भरायला लागल्या, त्यांच्याकडून. पिशवीतला आटा ५० रुपये किलो धरला तर १२० किलोचे ६,००० होतात. सुटा गहू महिन्याला आणून सहा रुपये किलोने दळला तर ५,५२०. साठवणीचा गहू, खर्च-व्याज-दळण सगळं धरून, ५,२९३. आट्यावरून साठवणीवर आलात तर ७०७ वाचतात, पण त्यातले ४८० नुसते पिशवी सोडून गिरणीत जाण्याचे आहेत. त्यासाठी कोठी लागत नाही, क्विंटलभराचे पैसेही लागत नाहीत. नणंदेला मी पहिलं हेच सांगितलं, कारण तिच्याकडे आटा येतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पिशवीतल्या धान्या-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला, सुट्यावर तो नाही. वाण्याकडे २६ नि ३० किलोचे कट्टे एकाएकी का दिसायला लागले, त्याचं उत्तर या नियमात आहे.

रेशनवर अन्नसुरक्षेचं धान्य मिळणाऱ्या घराचा हिशेब आणखी वेगळा. माणशी महिन्याला ५ किलो, आणि २०२३ पासून फुकट. चार माणसांचे २० किलो गहू-तांदूळ घरात येत असताना वर क्विंटलभर गहू भरणं म्हणजे किड्यांची पंगत.

आता साठवणीच्या बाजूने बोलते, नाहीतर नऊ वर्षं मी वेडी होते असं व्हायचं.

एक तर दर्जा. महिन्याला आणलेला गहू दर वेळी वेगळा निघतो, एकदा पोळी मऊ, एकदा चामट. एप्रिलमध्ये मात्र आधी दोन किलो आणून, दळून, पोळ्या करून बघता येतं आणि मग पोतं घेता येतं. आम्ही ओळखीच्या एका निफाडच्या शेतकऱ्याकडून घेतो. निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे. त्र्यंबक, तपोवन ही वाणं तिथलीच, त्यामुळे त्या भागात वाणाचं नाव विचारलं तर शेतकरी सांगतो. टेम्पोवाल्याकडे सगळाच गहू 'शरबती' असतो. शेतकऱ्याकडचा गहू स्वस्त पडतो, पण खडे-काडी जास्त, चाळण्याची मजुरी आपल्या अंगावर.

दुसरं म्हणजे महिनाअखेरची निश्चिंती. २५ तारखेला पाकीट रिकामं असलं तरी कोठीत गहू आहे, डब्यात तिखट आहे, पोळी आणि चटणी कुठे जात नाही. पगार चार-आठ दिवस लांबला त्या महिन्यात ही गोष्ट मला त्या २२७ रुपयांहून मोठी वाटली होती. वहीत तिला रकाना नाही.

आणि तिसरं, मॉलच्या फेऱ्या कमी होतात. महिन्याची यादी २,५०० ची असते, घरी बिल ३,२०० चं येतं. पोरं सोबत असली तर विचारू नका. पण डबा भरलेला दिसला की हातही सैल सुटतो, हे साठवणीवाल्यांनी कबूल करावं. तेलाचं आमच्याकडे तसंच झालं. पिशवी आणायचे तेव्हा महिन्याला तीन लिटर, डबा आणला तेव्हा साडेतीनच्या वर. १५ किलोचा डबा साडेपाच महिने जायला हवा होता, तो जेमतेम साडेचार गेला.

तेलाच्या भावात अजून एक गंमत आहे. डबा किलोत, पिशवी लिटरमध्ये. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. डबा २,४०० ला असेल तर १६० रुपये किलो झाला. शेजारची पिशवी १५० ला, म्हणून स्वस्त वाटते, पण १५० ला ९१० ग्रॅम म्हणजे किलोला १६५ च्या जवळ. हल्ली काही पिशव्या ९१० च्याही खाली असतात, मागे बारीक अक्षरात वजन लिहिलेलं असतं, ते वाचावं. तरी मी आता पाच लिटरचा कॅन आणते. डब्यातले वाचलेले पैसे कढईत जात होते.

तुरीच्या डाळीला सव्वादोनशेचा हिशेब लागू होत नाही, तिचा भाव गव्हासारखा शहाणा नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये डाळ २०० रुपयांवर गेली होती, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी डाळ भरून ठेवलेल्यांनी मिशीला पीळ दिला. पण २०१६-१७ च्या हंगामात तूर इतकी पिकली की भाव कोसळले, आणि महागात भरलेल्यांनी वर्षभर महागाची डाळ खाल्ली. म्हणून वर्षाच्या डाळीतली निम्मीच उन्हाळ्यात भरायची, उरलेली महिन्याला. भाव चढला तर निम्म्यात वाचलात, पडला तर निम्म्यातच फसलात. आधीच चढा भाव असेल तर पाच किलोवर थांबावं.

मिरचीला मात्र वादच नाही, ती एकदमच. वाळवायला ऊन आणि कुटायला डंख (कांडप) दोन्ही उन्हाळ्यात हवेत, आणि १०० ग्रॅमच्या मसाल्याच्या पाकिटाचा किलोचा भाव काढलात तर घरच्या मसाल्याशी तुलनाच होत नाही. सगळ्या साठवणीत पैशाला पैसा कुठे वाचत असेल तर तो इथे. तांदूळ एप्रिलमध्ये भरू नये. इगतपुरी-घोटीकडचा नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो, भाव तेव्हा बघायचा. बाजरी आणली तरी दळण आठवड्यापुरतंच, पीठ कडू होतं.

कांद्याबद्दल नाशिककराला सांगायचं म्हणजे गंगेवर (आम्ही गोदावरीलाच गंगा म्हणतो) जाऊन गोदावरी दाखवण्यासारखं. पण शहरातले लोकच इथे जास्त चुकतात. एप्रिल-मेचा उन्हाळ कांदा टिकतो खरा, आणि २०१९ च्या डिसेंबरात कांद्याने शंभरी ओलांडली होती हेही खरं. म्हणून लोक ५०-५० किलोची गोणी फ्लॅटच्या बाल्कनीत टाकतात. शेतकऱ्याच्या हवेशीर कांदाचाळीतसुद्धा चार-सहा महिन्यांत वजनाचा तिसरा हिस्सा सहज घटतो, तुमच्या गॅलरीचं काय घेऊन बसलात! आम्ही २० किलो घेतो, जुन्या साडीवर पलंगाखाली पसरतो, आठवड्याला चाळवतो आणि गणपतीपर्यंत संपवतो. पुढचा भाव सगळ्यांसोबत सोसायचा.

आता माझी फजिती. तिसऱ्या वर्षी भांडी बाजारातून नवी पत्र्याची कोठी आणली. गच्चीवर तीन दिवस गहू वाळवला, दाताखाली कट्ट वाजला, आणि तिसऱ्या दिवशी चार वाजता ढग भरून आले म्हणून घाईघाईने तसाच गरम-गरम कोठीत ओतला, झाकण लावलं, वर पोथीसारखं कापड बांधलं. श्रावणात सासूबाई दळण काढायला गेल्या. कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवून म्हणाल्या, "अगं, हा तर आतून उबदार लागतोय." हात बाहेर आला तेव्हा बांगड्यांमधून सोंडे चालत होते. गरम धान्य कोंडलं की आत घाम धरतो, आणि नाशिकचा पावसाळा चार महिने त्याला खतपाणी घालतो. वाळवलेला गहू रात्रभर सावलीत पसरून पूर्ण गार करायचा आणि मगच भरायचा. तेवढी एक रात्र मी वाचवली आणि ३० किलो गहू कोंबड्यावाल्याला दिला. कडुलिंबाचा पालाही सावलीत खडखडीत वाळलेला हवा, ओला पाला घातला तर ओल आपणच घातल्यासारखं.

तेव्हा एका शेजारणीने गॅसच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. त्या घरात आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, तो माणसाला मारतो, आणि दोन खोल्यांच्या घरात कोठी असते पलंगाच्या उशाशी. गोदामाचं औषध गोदामात.

भाड्याचं घर असेल तर वेगळा विचार करावा लागतो, आणि नणंदेचं गाडं तिथेच अडलं. करार ११ महिन्यांचा. घर बदलायची वेळ आली तर पोत्यासकट कोठी तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची, पुन्हा कुठल्या तरी मजल्यावर चढवायची, त्या एका हमालीत दोन वर्षांची बचत जाते. शिवाय कोठीखालची दीड-दोन चौरस फूट जागा सिडकोच्या घरात ओट्याखाली मिळते, वन बीएचकेत ती पोराच्या अभ्यासाच्या टेबलाची असते.

आणि एप्रिलचे पैसे. गहू, डाळ, मिरची, पापड-कुरडयांचं सामान मिळून आमचे ११-१२ हजार एका महिन्यात जातात. त्याच सुमाराला शाळेची फी आणि जूनची वह्या-पुस्तकं समोर उभी असतात. घरपट्टी एप्रिलमध्ये आगाऊ भरली तर सवलत मिळते. ती हमखास सुटणारी रक्कम, गव्हाच्या भावासारखा अंदाज नव्हे, म्हणून स्वतःचं घर असेल तर आधी घरपट्टी. कार्डावर किंवा उसने घेऊन तर साठवण मुळीच करू नये. महिन्याला २ टक्के व्याज लागलं तर गव्हाचे सव्वादोनशे तीन महिन्यांत खलास.

आम्ही त्यासाठी एप्रिलच्या सुरुवातीला बँकेत १२ महिन्यांची आवर्ती ठेव उघडतो, महिना हजार. पुढच्या एप्रिलमध्ये ती सुटते आणि सरळ गव्हा-मिरचीत जाते. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, ती या कामाला उपयोगाची नाही. भिशी लावणाऱ्याही आहेत, पण तुमचा नंबर एप्रिलमध्येच लागेल कशावरून?

तर नणंदेला सांगितलं ते असं. आटा बंद कर, सुटा गहू आणून दळ. मिरची-मसाला माझ्याबरोबर एकदम कर, पैसे दोन हप्त्यांत दे. डाळ पाच किलो. बाकी सगळं महिन्याला, आणि भाजी बुधवारी गंगेवरच्या बाजारातून, तीही संध्याकाळी उशिरा जाऊन. मॉलमध्ये जायचंच झालं तर पोरांना माझ्याकडे सोडून. स्वतःचं घर असतं, एप्रिलचे पैसे बाजूला असते आणि घरात कोठीकडे लक्ष द्यायला सासूबाईंसारखं माणूस असतं, तर मी तिला क्विंटल भर म्हटलं असतं.

तिने ऐकलं, पण निम्मंच. गहू आपलाही असावा असं तिला वाटतच होतं. शेवटी ६० किलो घेतला आणि आमच्याच कोठीत टाकला, मध्ये जुन्या चादरीचा पडदा घालून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येते, पाच किलो मोजून घेते, वहीत सही करते आणि जाता जाता आमच्या बाजूच्या गव्हात हात घालून बघते, उबदार तर लागत नाही ना.