थॉरगाल घ्यावा की व्हिनलँड सागा?

व्हायकिंग म्हटल्यावर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला, विनोदी चित्रपट्टीतला ढेरपोट्या हागार डोळ्यांसमोर येत असेल, तर त्याला आधी बाजूला बसवा. (खरे व्हायकिंग लढाईत तसली शिंगं मिरवत नव्हते. ती १९व्या शतकात जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ऑपेराच्या कपडेपटातून रूढ झाली.) विनोदी नको, व्हायकिंगांची खणखणीत साहसकथा कॉमिकमध्ये हवी असेल, तर मी दोनच नावं सुचवीन: थॉरगाल आणि व्हिनलँड सागा. गंमत म्हणजे एका नायकाला तलवार उचलायची हौस नाही आणि दुसऱ्याची पुढे फिटते.

थॉरगाल १९७७ साली ‘टिनटिन’ या कॉमिक साप्ताहिकात आला. लेखक बेल्जियमचे जाँ वान हाम, चित्रकार पोलंडचे ग्झेगोश रोशिन्स्की. पहिल्याच गोष्टीत तो समुद्रकाठच्या खडकाला जखडलेला दिसतो आणि भरतीचं पाणी चढत असतं. गुन्हा एवढाच, की राजकन्या आरिसियावर त्याचा जीव जडलाय. पुढे कळतं, की समुद्रात सापडलेलं हे पोर परग्रहावरून आलेल्यांच्या वंशातलं आहे. देव, जादू, अंतराळयान असं सगळं एकाच कथेत! ऐकायला ही भेळ वाटते, पण वान हाम ती बेमालूम जमवतात. त्यात रोशिन्स्कींचा हात असा, की वादळ, कडे, ओल्या लाकडाची घरं बघत पानावर रेंगाळावं. थॉरगालची एकच मागणी असते: बायकोमुलांसह कुठल्यातरी बेटावर सुखानं राहू द्या. आणि तेवढंच त्याला मिळत नाही. क्रिस दि व्हालनॉर ही तिरंदाज बाई आली की तर नाहीच; माझ्या मते मालिकेतलं सर्वांत जिवंत पात्र तीच.

‘व्हिनलँड सागा’ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक आहे. माकोतो युकिमुरांनी ती २००५ ते २०२५ अशी वीस वर्षं चालवली. एकूण २९ खंड. इथे जादू नाही. ११व्या शतकातलं इंग्लंड, डेन्मार्क, राजपुत्र कनूट आणि बापाच्या खुन्याचा सूड घ्यायला त्याच खुन्याच्या टोळीत राहणारा पोरगा थॉर्फिन. दोन खंजीर घेऊन तो ज्या वेगानं अंगावर धावून जातो, ती पानं अक्षरशः दम काढतात. आठव्या खंडापर्यंत हेच. मग कथा एकदम शेतावर येते. थॉर्फिन गुलाम झालेला, जंगल तोडायचं, बुंधे उपटायचे, गहू पेरायचा. कित्येक वाचक इथे पुस्तक ठेवून देतात. मला विचाराल, तर मालिकेची खरी ताकद इथेच कळते. थॉरगालला शहाणपण उपजतच आहे. थॉर्फिनला ते घाम गाळून, रात्री मेलेल्यांची स्वप्नं बघत मिळवावं लागतं.

म्हणून माणूस बदलताना बघायचा असेल तर व्हिनलँड सागा. पण तिला सवड हवी, मधूनच एखादा खंड उचलून चालत नाही. थॉरगालचं तसं नाही. बरेच अल्बम (म्हणजे मालिकेतली एकेक पुस्तकं) एकेकटे वाचता येतात, बाकीच्या कथा दोनचार अल्बमांत संपतात. रविवारच्या दुपारी एक गोष्ट पुरी करून उठणाऱ्यानं तोच घ्यावा. रंग हवे असतील तरी तोच. मांगा काळ्यापांढऱ्यात आहे आणि उजवीकडून डावीकडे वाचायची. घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर व्हिनलँड सागा वरच्या फळीवर ठेवा, तिच्यात रक्तपात उघडावाघडा आहे. थॉरगालमध्येही मारामारी आणि थोडी नग्नता आहे, तेव्हा आधी स्वतः चाळा.

‘नॉर्थलँडर्स’ या व्हायकिंग कॉमिकचंही नाव कानावर येईल. ती ५० अंकांची अमेरिकन मालिका फक्त मोठ्यांसाठी, आणि नायक दर कथेत वेगळा. एकाच वीराचा माग काढायचा असेल तर ती नंतर बघा.

दोन्ही मालिका इंग्रजीत मिळतात. थॉरगालच्या इंग्रजी आवृत्तीत पहिला भाग त्याच्या बालपणापासून सुरू होतो. खडकावरची ती मूळ सुरुवात शून्य क्रमांकाच्या भागात आहे. मी तिथूनच सुरू करायला सांगेन. वान हाम २९व्या अल्बमनंतर थांबले, तिथे तुम्हीही थांबलात तरी बिघडत नाही. व्हिनलँड सागाच्या जाड आवृत्तीत दोन खंड एकत्र येतात. घेणार असाल तर निदान पाच पुस्तकं घ्या, म्हणजे शेतावर तरी पोचाल.