मूडल: दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

मी नागपुरातल्या एका पदवी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी आमच्याकडे मूडल, म्हणजे अभ्यासाचं साहित्य आणि चाचण्या ऑनलाइन द्यायचं मोफत सॉफ्टवेअर, आलं, तेव्हापासून जवळपास रोज वापरते आहे. आधी निकाल सांगून टाकते: फुकट आहे म्हणून घेऊ नका, व्हिडिओ चढवायला तर मुळीच घेऊ नका. चाचण्यांसाठी मात्र जरूर घ्या.

२०२० मध्ये आपण जे केलं ते सगळ्यांना आठवत असेल. मोबाइलवर लेक्चर, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ, आणि मुलांनी पाठवलेले वहीचे तिरपे फोटो. शिकवणं तेच जुनं, फक्त पडद्यावरून. तसं पाहिलं तर ते नवीनही नव्हतं. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) कार्यक्रम दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८४ पासूनच दिसत होते, तेही एकतर्फीच. २०१७ मध्ये स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं, त्यात व्हिडिओसोबत दर आठवड्याचा स्वाध्याय आणि शेवटी परीक्षा जोडली गेली. २०२१ च्या नियमांनुसार तर विद्यापीठं एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांना त्यातून श्रेयांक (क्रेडिट) देऊ शकतात. पण तिथला शिक्षक कुठल्यातरी आयआयटीत बसलेला. माझ्या वर्गातली मुलं कुठे अडतात, हे त्याला कसं कळणार?

मूडल या सगळ्यापेक्षा वेगळ्या मुशीतून आलं. ते बनवणारे मार्टिन डुगियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले. शाळा दूर, म्हणून रेडिओवरून शिकले. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात काम करताना त्यांनी हे सुरू केलं आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती आली. म्हणजे लॉकडाऊनच्या बरंच आधीपासून हे जगभरच्या विद्यापीठांत चालू होतं, आपल्याकडे फारसं कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं इतकंच.

आता मुद्द्याचं. त्यात ‘कॅल्क्युलेटेड’ नावाचा एक प्रश्नप्रकार आहे. प्रश्न एकदाच लिहायचा, आकड्यांच्या जागी चल (व्हेरिएबल) ठेवायचे आणि उत्तराचं सूत्र द्यायचं. कळमन्याच्या बाजारात आलेल्या संत्र्याच्या पेट्यांची वजनं देऊन मी प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, विचारलं. प्रत्येकीच्या पडद्यावर वजनं वेगळी. पहिल्याच चाचणीनंतर दोघी जणी स्टाफरूमच्या दारात हजर.

‘मॅडम, माहं १२.४ येऊन राहिलं अन् हिचं ९.७. मंग चुकलं कोनाचं?’

कोणाचंच चुकलं नव्हतं. तेव्हापासून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्तरांऐवजी रीत फिरायला लागली. ती फिरली तर माझी काहीच हरकत नाही, उलट मुलं माझंच काम करतात.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे चुकीच्या उत्तरालाही सूत्र देता येतं. नमुन्याचं प्रमाण विचलन काढताना मुलं हमखास ‘एन उणे १’ऐवजी ‘एन’ने, म्हणजे नमुन्यातल्या एकूण संख्येने, भागतात. मी तेही सूत्र दुसरं उत्तर म्हणून घातलं, अर्धे गुण ठेवले आणि सोबत शेरा लिहिला: ‘बाकी बरोबर, भागताना एक कमी करायचं राहिलं.’ शंभर पेपर तपासताना हाच शेरा लाल पेनाने किती वेळा लिहिला असेल देव जाणे. आता तो उत्तर दिल्याबरोबर, चूक ताजी असताना समोर येतो. उत्तरात किती फरक चालेल ती मर्यादा मात्र नीट ठरवा, नाहीतर दोन दशांश स्थळांपर्यंत काढणारे विनाकारण मार खातात. आणि लघुउत्तरी प्रश्न अक्षराला अक्षर जुळवतो, तेव्हा मराठी कीबोर्डवाल्यांसाठी १२ हे देवनागरीतही आणि इंग्रजी आकड्यांतही उत्तरात टाकून ठेवा.

हे सगळं आयतं मिळत नाही. प्रश्नपेढी तयार करण्यात माझी दिवाळीची सुटी गेली. घरचे चकल्या तळताहेत आणि मी सूत्रं टाकतेय. दुसऱ्या सेमिस्टरला त्याचं चीज झालं, पहिल्याला नाही.

त्रास झाला तो सॉफ्टवेअरपेक्षा आमच्या कॉलेजमधल्या मांडणीचा. सर्व्हर संगणक कक्षाच्या कोपऱ्यात, वीज गेली की तोही गेला. पार्श्वभूमीला चालणारं ‘क्रॉन’ नावाचं काम कोणी सुरूच केलं नव्हतं, त्यामुळे सूचनांचे मेल कित्येक आठवडे निघालेच नाहीत. मुलं पासवर्ड विसरली की थेट मला फोन. मूडलला पैसे पडत नाहीत, पण ते सांभाळणारा माणूस लागतो, आणि ‘बीसीएचे सर बघतील’ म्हणजे कोणीच बघत नाही. सगळ्या वर्गाला एकाच तासात चाचणी दिली तर लहान सर्व्हर मान टाकतो. मी आता चाचणी दिवसभर उघडी ठेवते. नोंदी पाहिल्या तर बहुतेक जण रात्री अकराच्या पुढेच उगवतात. घरात एकच चांगला फोन असेल तर तो तेव्हाच हाती लागतो, हे मला मुलींनीच सांगितलं.

कुही, भिवापूरकडून येणाऱ्यांना मोबाइल अॅपचा उपयोग झाला. कॉलेजच्या वायफायवर साहित्य उतरवून घ्यायचं, गावी रेंज नसतानाही वाचायचं. चाचणीही तशी देता येते, पण शिक्षकाने ती परवानगी द्यायला हवी आणि वेळेची मर्यादा ठेवून चालत नाही.

चर्चेचा फोरम आमच्याकडे ओस पडला आहे. शंका व्हॉट्सअॅपवरच येतात, येऊ देत. व्हिडिओ उघडल्याची नोंद दिसते, पाहिल्याची नाही. बिगब्लूबटनवर ऑनलाइन तास घेऊन पाहिला, ठीक होता. समोर वर्ग असताना त्याची गरज काय?

नव्याने सुरू करणाऱ्यांनी एकच विषय, त्यातही एकच घटक घ्यावा आणि त्याचेच पन्नासेक प्रश्न नीट करावेत. सत्र संपलं की प्रश्नपेढी एक्सएमएल फाइलमध्ये काढून स्वतःजवळ ठेवावी, ती दुसऱ्या कॉलेजच्या मूडलमध्येही जशीच्या तशी चढते. माझी कोणाला हवी असेल तर द्यायला तयार आहे. विदर्भाबाहेरच्यांनी संत्र्याच्या जागी आपापलं पीक टाकून घ्यावं.