रो कव्हर आणि बागेचा हिवाळी बंदोबस्त : ऑक्टोबर ते एप्रिल वापरून झाल्यावर (सेंट्रल न्यू जर्सी)

ज्यांना फक्त घ्यावं की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, रो कव्हर, म्हणजे थंडीत भाजीच्या वाफ्यावर पांघरायचं कापड, चांगलंय, घ्या, पण ते भाजी वाढवत नाही, नुसती सांभाळतं. जाहिरातीत बर्फात झाकण उचलून हिरवागार पालक तोडतानाचे फोटो असतात ना, तो पालक सप्टेंबर-ऑक्टोबरातच वाढलेला असतो, नंतर तो कापडाखाली फ्रिजमध्ये ठेवल्यासारखा नुसता टिकून राहतो. कारण थंडी तर आहेच पण त्याहून मोठं कारण अपुरा उजेड. आमच्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत दिवस १० तासांपेक्षा लहान असतो आणि तेवढ्या उजेडात पालेभाजी जवळपास थांबते, तुम्ही वर काहीही पांघरा. त्यामुळे थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेर) कापड आणून त्याखाली बी टाकणाऱ्यांनी नंतर वैतागून एक स्टार दिलेले रिव्ह्यू वाचले तर त्यात कापडाचा काही दोष नाही.

आता नीट सांगते. आम्ही अमेरिकेच्या बागकामाच्या थंडीच्या नकाशावर ७ए झोनमध्ये, म्हणजे वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी ० ते ५ फॅरनहाइटपर्यंत जाते. पहिला फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कधीतरी. बॅकयार्डमध्ये चार फूट रुंदीचे लाकडी वाफे आहेत, उन्हाळ्यात टोमॅटो, मिरच्या, वांगी, दुधी, गवार, आणि कोपऱ्यात अळू. (अळूवड्यांसाठी अळू लावलं नाही तर घरात बंड होईल.)

कापड म्हणजे पॉलीप्रॉपिलीनचं न विणलेलं पांढरं शीट. गावाकडे कलिंगडावर, मिरचीवर क्रॉप कव्हर टाकतात तेच हे, फक्त तिथे किडीसाठी १७-२० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) पातळ वापरतात आणि इथे थंडीसाठी जाड लागतं. इथे वजन चौरस यार्डाला औंसात मोजतात. अर्ध्या औंसाचं दोन-चार डिग्री फॅरनहाइट वाचवतं आणि साधारण ८५ टक्के उजेड आत सोडतं, दीड औंसाचं (म्हणजे ५० जीएसएमच्या आसपास) सहा-आठ डिग्री वाचवतं पण उजेड निम्माच. दुकानात सगळे जाड उचलतात कारण थंडीची भीती वाटते. मी दीड औंसाचं घेतलं आणि हिवाळा धरून बसायला तेच बरोबर आहे, कारण तेव्हा तसंही काही वाढत नसतं, पण फेब्रुवारी संपल्यावर दिवस मोठा झाला की हेच कापड उलट आडवं येतं, मग दिवसा काढा रात्री घाला हे करत बसावं लागतं. नोकरी करणाऱ्या माणसाला ते जमत नाही. पुढच्या वेळी मधलं, ०.९ औंसाचं घेऊन कडाक्याच्या आठवड्यात दुहेरी टाकणार.

हूप्सशिवाय (कापड उचलून धरणाऱ्या कमानी) घेऊ नका. कापड पानांना टेकलं की रात्री तिथे गोठून चिकटतं आणि तेवढा भाग करपतो. सेटमध्ये आलेले प्लास्टिक पाइपचे हूप्स पहिल्या ओल्या जड बर्फात सपाट झाले, भुरभुरीत बर्फाला काही होत नाही पण ओला बर्फ वाईट. नंतर हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंची ईएमटी पाइप (वायरिंगसाठी घालतात तो, १० फुटी) आणून ओळखीतल्या एकांच्या बेंडरवर वाकवून घेतले, ते अजून जसेच्या तसे उभे आहेत. क्लिप्सही वाऱ्यात उडतात, कडेनं विटा नाहीतर वाळूच्या पिशव्या ठेवा. पाऊस कापडातून झिरपतो, त्यामुळे पाणी घालायची कटकट जवळपास नव्हतीच.

भाजीप्रमाणे सांगायचं तर पालक एकदम पास, पानं कडक गोठलेली दिसतात आणि दुपारी ऊन आलं की पुन्हा सरळ होतात, फक्त गोठलेली असताना तोडायची नाही, तोडली तर स्वयंपाकघरात येऊन लगदा होतो. आणि थंडीतला पालक गोड लागतो, झाड गोठू नये म्हणून स्वतःच पानात साखर वाढवतं, त्याची ताकातली पातळभाजी करून बघा. कोथिंबीर जानेवारीपर्यंत बरी होती, मग बाहेरची पानं गेली पण गाभा वाचला आणि मार्चमध्ये परत फुटली. मेथी हलका फ्रॉस्ट सोसते, खरी थंडी आली की संपते, कापड असो नसो, तेव्हा ती नोव्हेंबरात उपटून थेपले करून मोकळं व्हा. शेपूचं तेच.

पण या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त काम कोणी केलं असेल तर ते फुकटच्या पालापाचोळ्याने. शेजारी लोक पानं भरून पिशव्या रस्त्याकडेला ठेवतात, त्या विचारून उचलायच्या (लॉनवर औषध मारलेलं गवत मिसळलेलं नाही ना एवढं बघायचं), लॉनमोवर फिरवून बारीक करायची आणि रिकाम्या वाफ्यांवर चार-सहा इंच थर टाकायचा. बारीक करणं महत्त्वाचं. मेपलची अख्खी पानं एकावर एक चिकटून ताडपत्री होते, खाली पाणी जात नाही. एप्रिलमध्ये हात घातला तर खालची माती मऊ, ओलसर, गांडुळांनी भरलेली, आणि तण जवळपास नाही. जिथे काही टाकलं नव्हतं तिथे माती पावसाने बसून वर पापडी धरलेली. एकच त्रास, व्होल. आखूड शेपटीचा उंदीर, पाचोळ्याखाली बोगदे करतो. जमिनीत ठेवलेली गाजरं त्याने खालून पोखरली, वरून पाला छान उभा. लसणाला मात्र तोंड लावलं नाही.

लसूण ऑक्टोबरच्या शेवटी लावला, हार्डनेक (मधून कडक दांडा येणारा), म्युझिक नावाची जात, पाकळ्या मोठ्या असतात. टोक वर, दोन-तीन इंच खोल, सहा इंचावर एक, वर पेंढा. त्याला थंडी लागतेच, नाही मिळाली तर पाकळ्या न पडता एकच गोळा होतो. म्हणजे त्याच्यावर कापडाचा खर्च करायचं कारणच नाही. पेंढा घेताना स्ट्रॉ (धान्य काढून उरलेला पेंढा) घ्या, ‘हे’ (hay, वाळलेलं गवत) घेऊ नका, त्यात गवताचं बी असतं आणि वसंतात वाफ्याचं कुरण होतं. आता हातभर पात आलीये, थोडी कापून हिरवा ठेचा चालू आहे, जूनमध्ये दांडे येतील, गड्डे जुलैत.

राय (विंटर राय, गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) हे हिरवळीचं खत मी परत लावणार नाही. उगवतं मस्त, थंडीला भीक घालत नाही, ३५ फॅरनहाइटलाही अंकुरतं. प्रश्न एप्रिलचा. कापलं की परत फुटतं, मुळं अशी घट्ट की फावडं टेकून पाठ मोडते, आणि मेल्यानंतरही दोन-तीन आठवडे थांबावं लागतं कारण ते कुजताना बारीक बियांना उगवू देत नाही. ट्रॅक्टरवाल्यांसाठी ठीक. ओट्स आपोआप थंडीत मरतात म्हणून लोक सुचवतात, पण ते ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरायचे, आणि तेव्हा माझे टोमॅटो लागलेले असतात, ते उपटून ओट्स कोण पेरणार.

टोमॅटोचे वेल मात्र अर्ली ब्लाइटचे (करपा रोगाचे) डाग असतील तर कंपोस्टमध्ये टाकू नका, कचऱ्यात द्या, तो पाल्यात हिवाळा काढतो. काठ्या आत ठेवताना त्यांच्यावर आणि कुंपणावर राखाडी चिखलाचा फराटा दिसला तर ती स्पॉटेड लँटर्नफ्लाय या झाडांचा रस शोषणाऱ्या किड्याची अंडी, एकेका फराट्यात ३०-५० असतात, खरवडून सॅनिटायझर घातलेल्या झिपलॉकमध्ये. होज पाइप नळावरून काढून ठेवा.

अळूची पानं पहिल्या फ्रॉस्टला काळी पडली की कांदे खणून काढते, दोन दिवस सुकवून कोरड्या पीट मॉसमध्ये, खोक्यात, बेसमेंटच्या थंड बाजूला. फर्नेसजवळ ठेवलेले सुरकुतून गेले, भिंतीकडचे टणटणीत. कढीपत्ता रात्री ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागल्या की घरात, तिथे तो पानं गाळतो आणि आपल्याला रडवतो, त्याला कापड उपयोगाचं नाही.

पैशाचं म्हणाल तर कापड आणि पाइप मिळून जे गेले ते नुसत्या पालकात वसूल झाले नाहीत, दोन-तीन सीझन टिकलं तर होतील. एका बाजूने उन्हाने थोडं विरलंय. एप्रिलमध्ये काढल्यावर दोरीवर टाकून होजने धुवा, पूर्ण वाळवा, आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, गराजमध्ये उघडं ठेवलंत तर उंदीर त्यातच घर करतात.