राजीनामा आधी, नेमणूकपत्र नंतर

नोकरीच्या नावाखाली फसवणूक म्हटलं की ठरावीक गोष्टी डोळ्यांसमोर येतात. बनावट वेबसाइट, जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर, 'लॅपटॉपचं डिपॉझिट' म्हणून मागितलेले पैसे. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. कंपनी रीतसर नोंदणीकृत, ऑफिस खरं, आत माणसं कामाला, ईमेल कंपनीच्याच डोमेनवरून आणि ते डोमेनही जुनं. हे सगळं मी आधी तपासलं होतं. कोणी एक पैसा मागितला नाही. तरीही मला गंडवलं गेलं, आणि कागदावर ते इतकं स्वच्छ दिसतं की आजही काही जण म्हणतात, "अरे, याला फसवणूक नाही म्हणत." म्हणूनच सविस्तर लिहितोय.

माझी नोकरी कायम होती. खरेदी विभागात. पगार वेळच्या वेळी, वाढ बेताची, आणि वरची माणसं निवृत्त होईपर्यंत पुढे सरकायला जागा नाही. प्रोफाइलवर वर्षानुवर्षं एकच पद दिसलं की रिक्रूटरला अंदाज येतोच. कन्सल्टन्सीतून फोन आला, "सर, तुमचा अनुभव तिथे वाया जातोय." हे वाक्य तो दिवसातून किती जणांना ऐकवत असेल, देव जाणे. मुलाखती झाल्या, बऱ्या झाल्या. एकात मात्र माझ्या तेव्हाच्या कंपनीला माल कोण कोणत्या दराने देतो हे फार खोदून विचारलं गेलं. मी विषय टाळला. मुलाखतीत असं कोणी विचारलं तर तिथेच कान टवकारावेत.

मग ऑफर आली, ईमेलवर, एका पानाची. त्यात पद होतं, 'सीनियर मॅनेजर' असं भारदस्त, आणि वार्षिक पॅकेजचा एकच मोठा आकडा. त्याखाली एक ओळ होती : 'तपशीलवार विभागणी नेमणूकपत्रासोबत देण्यात येईल.' ऑफर स्वीकारायला शुक्रवार संध्याकाळपर्यंतची मुदत.

विभागणी आधी पाठवा, असं मी एचआरला लिहिलं. उत्तर ईमेलवर आलं नाही, फोनवर आलं. "सर, तुम्ही सीनियर आहात, तुम्हाला काय सांगायचं. स्टँडर्ड स्ट्रक्चर आहे. आणि नेमणूकपत्र सिस्टीममधूनच निघतं. तुमचा राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल पोर्टलवर अपलोड झाल्याशिवाय ते जनरेटच होत नाही."

सगळी मेख या एका वाक्यात आहे. पोर्टल खरंच होतं. त्यात लाल चौकोन होता, 'राजीनामा स्वीकृती : प्रलंबित', आणि तो हिरवा झाल्याशिवाय पुढचं बटण दाबता येत नव्हतं. माणसाने अडवलं तर आपण भांडतो; स्क्रीनशी कोण भांडणार? समोरचाही हात वर करून मोकळा, 'सर, माझ्या हातात असतं तर लगेच दिलं असतं.' पण तो क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो. तुमचा परतीचा दोर आधी कापायचा, अटी नंतर दाखवायच्या.

राजीनामा स्वीकारला गेला, चौकोन हिरवा झाला. नेमणूकपत्र मात्र आलं नाही. 'डायरेक्टर परदेशात आहेत', मग 'सह्यांचे अधिकार बदलताहेत'. जुन्या नोकरीतला शेवटचा दिवस उलटला आणि दोनच दिवसांनी रुजू व्हायची तारीख पुढे गेली, 'प्रोजेक्टची मंजुरी लांबली' म्हणून. नंतर आणखी एकदा. दर वेळी बोलणं अत्यंत गोड. घरात पगार येत नाही, हप्ते थांबत नाहीत, आणि नातेवाईक विचारतात, "काय, झालास का जॉइन?" या रिकाम्या काळात माणूस आतून मऊ पडतो. अखेर बोलावणं येतं तेव्हा तो वाटाघाट करायच्या मनःस्थितीत नसतो. पत्र समोर आलं की सही करतो.

पत्र रुजू व्हायच्या दिवशीच मिळालं, इंडक्शनच्या गडबडीत. आकडा ऑफरमधलाच होता. खोटं काहीच नव्हतं, हेच यातलं कौशल्य.

जुन्या नोकरीत मला मिळणाऱ्या पगाराला १०० धरा. ऑफर १४० ची होती, म्हणजे ४० टक्के वाढ. विभागणीत त्यातले ३० टक्के, म्हणजे ४२, व्हेरिएबल निघाले, मिळतीलच अशी खात्री नसलेले. एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस १०, तोही त्या १४० मध्येच मोजलेला. कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, गटविम्याचा हप्ता वगैरे मिळून ८. उरले ८०. महिन्याच्या हिशेबात खात्रीने मिळणारा पगार हा ८०. जुन्या नोकरीत कंपनीचा वाटा माझ्या १०० च्या वर वेगळा जात होता. म्हणजे ४० टक्के वाढीच्या नावाखाली माझा पगार २० टक्क्यांनी कमी झाला होता.

व्हेरिएबलबद्दल एचआरच्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "ते नावालाच व्हेरिएबल आहे, सगळ्यांना पूर्ण मिळतं." पत्रात वेगळंच होतं : ते वर्षाअखेरीस, व्यवस्थापनाच्या स्वेच्छानिर्णयानुसार आणि वाटपाच्या दिवशी जो नोकरीत असेल त्यालाच. प्रोबेशनमध्ये मी सोडायचं ठरवलं तर ९० दिवसांची नोटीस, कंपनीने काढलं तर ७ दिवसांची. जॉइनिंग बोनस वर्ष पूर्ण होण्याआधी सोडल्यास परत करायचा. आणि शेवटच्या पानावर, सहीच्या जरा वर, हे कलम : 'या पत्रापूर्वी उभय पक्षांत झालेला सर्व तोंडी व लेखी संवाद या पत्रान्वये रद्दबातल ठरतो.' करारांत हे कलम सर्रास असतं, त्यात बेकायदा काही नाही. पण फोनवरची, व्हॉट्सॅपवरची सगळी आश्वासनं त्या एका ओळीने पुसली जातात. सही करायच्या आधी पत्रातलं एकच कलम वाचायला वेळ असेल तर हे वाचा, आणि तोंडी मिळालेलं प्रत्येक वचन पत्रात आलंय का ते पडताळा.

पुढचं थोडक्यात. वाटपाची तारीख जवळ आली तशी आमच्या विभागात प्रोबेशनवरच्या लोकांची 'कामगिरी' अचानक ढासळायला लागली. काहींना ७ दिवसांची नोटीस मिळाली, माझं प्रोबेशन वाढवलं गेलं. जागा रिकाम्या झाल्या की पुन्हा तीच जाहिरात, तोच मोठा आकडा. आधी सोडून गेलेल्या एकाशी बोललो तर त्याने माझी कहाणी माझ्याआधीच पूर्ण केली, लाल चौकोनासकट. मी बाहेर पडलो तेव्हा बोनस परत मागितला गेला. हातात कर कापून आला होता, मागितला मात्र पूर्ण.

दाद मागायला गेल्यावर त्या भारदस्त पदाचा उपयोग कळला. कामगार कायद्यांतली काही संरक्षणं पुष्कळ देशांत व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला लागू होत नाहीत, किंवा अर्धीमुर्धी होतात. हाताखाली एक माणूस नसताना मी 'सीनियर मॅनेजर' का होतो, याचं उत्तर एका वकिलांनी हसत हसत दिलं. दिवाणी दावा करता येतो, म्हणाले, पण सही तुमची आहे.

'याला फसवणूक नाही, धंदा म्हणतात' हे मला मान्य नाही. अटी आधी दाखवल्या असत्या तर मी नकार दिला असता, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच त्या नकार देता येणार नाही अशा वेळी दाखवल्या. याला दुसरं नाव नाही.

बरं, सुरक्षित नोकरी सोडूच नये असं माझं मत झालेलं नाही. माझ्याबरोबरची काही माणसं बाहेर पडून खरंच वर गेली. पण राजीनाम्यापूर्वी तीन गोष्टी लेखी हव्यात : पगाराची महिन्यागणिक विभागणी, रुजू व्हायची पक्की तारीख आणि नेमणूकपत्राचा पूर्ण मसुदा. 'मसुदा गोपनीय असतो' हे कारण ऐकून घेऊ नका, ज्याच्यावर तुम्हीच सही करणार आहात तो तुमच्यापासून कसला गोपनीय? पार्श्वभूमी तपासणी वगैरे व्हायची असेल तर ती राजीनाम्याआधी उरका म्हणावं. शेअर देऊ म्हणत असतील तर वेस्टिंग विचारा, म्हणजे ते प्रत्यक्ष तुमचे कधी आणि किती होणार ते. साधारण पद्धत चार वर्षांची असते आणि पहिलं वर्ष भरेपर्यंत हातात शून्य. आणि फोनवर काही ठरलं की लगेच 'आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?' असा ईमेल टाका. त्यावर उत्तर येत नसेल तर ते नाही म्हणताहेत असं धरा.

राजीनामा देऊन बसला असाल आणि नवी तारीख पुढे सरकली असेल, तर तो फोन ठेवल्या ठेवल्या जुन्या साहेबांना गाठा. शेवटचा दिवस उलटायच्या आत राजीनामा मागे घेण्याचा अर्ज लेखी देता येतो. तो मान्य करायचा की नाही हे त्यांचे नियम आणि मर्जी, पण तुमच्या जागी कोणी घेतलेलं नसेल तर बऱ्याचदा ऐकतात. कार्यमुक्तीचं पत्र हातात पडलं की मात्र तुम्ही त्यांच्या लेखी नवे उमेदवार. मी विचारलं तेव्हा जुन्या एचआरने मला वेबसाइटवरून अर्ज करायला सांगितलं.