नागपूरच्या रस्त्यांसाठी स्केटबोर्ड : दोन बोर्डांचे परीक्षण

नागपुरात स्केटबोर्ड सहज विकत मिळतो. चालवण्याजोगा स्केटबोर्ड मात्र शोधावा लागतो. रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्समधील झाडांखालच्या रस्त्यांवर किंवा वस्त्यांतल्या सिमेंट रस्त्यांवर बोर्ड घेऊन निघालेली मुले-मुली आता दिसू लागली आहेत, पण त्यांतली बरीच मुले काही महिन्यांतच हा नाद सोडतात आणि मुलाला आवडच नव्हती असे म्हणून पालक बोर्ड माळ्यावर टाकतात. मी अनेक वर्षे बोर्ड चालवतो, आमच्या वस्तीतील मुलांना शिकवतोही, आणि माझे ठाम मत असे आहे की या मुलांच्या आवडीत काही कमी नसते. त्यांच्या हाती दिलेली वस्तूच शिकण्याच्या लायकीची नसते. म्हणून बाजारात सर्रास मिळणारा स्वस्त बोर्ड आणि त्याच्या तिप्पट किमतीचा, नवशिक्यांसाठी बनवलेला बोर्ड, या दोहोंचे हे परीक्षण नागपूरचे रस्ते आणि इथले हवामान डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे.

स्वस्त बोर्ड साधारण हजार ते पंधराशे रुपयांत खेळण्यांच्या आणि क्रीडासाहित्याच्या दुकानांत मिळतो. मी पाहिलेला बोर्ड सीताबर्डीतील एका दुकानातून आमच्या शेजाऱ्यांनी मुलासाठी आणला होता. खालच्या बाजूला रंगीत चित्र, वर काळा खरखरीत कागद आणि चकचकीत चाके, असे त्याचे रूप कोणालाही आवडेल. उणीव कळते ती पाय ठेवल्यावर. चांगल्या बोर्डाची फळी मेपल लाकडाचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून, दाबाखाली घडवलेली असते. काही थरांचे तंतू उभे आणि काहींचे आडवे ठेवल्यामुळे ती वजनाखाली किंचित लवते आणि पुन्हा मूळ आकारात येते. तिच्या दोन्ही लांब कडा थोड्या वर वळलेल्या असतात, त्यामुळे खाली न पाहताही बूट फळीवर नेमका कोठे आहे हे तळपायाला समजते. शेजाऱ्यांनी आणलेल्या बोर्डाची फळी जाड, जड आणि जवळजवळ सपाट होती. तिच्यावर उभे राहता येते, पण पायांना तिच्याकडून काहीच कळत नाही.

याहून मोठा दोष ट्रकचा आहे. ज्या सांगाड्यात चाकांचा आस बसवलेला असतो त्याला ट्रक म्हणतात, आणि बोर्ड वळतो तो या ट्रकमुळेच. चांगला ट्रक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत ओतलेला असतो. त्याच्या मधल्या बोल्टला किंगपिन म्हणतात आणि त्याभोवती बुशिंग नावाच्या दोन लवचीक कड्या असतात. आपण शरीराचा भार एका बाजूला टाकला की त्या बाजूची बुशिंग दबते, पुढचा आणि मागचा आस परस्परांच्या उलट दिशेने वळतो आणि बोर्ड त्या बाजूला झुकत वळण घेतो. किंगपिनची नट सैल किंवा घट्ट करून वळण किती सहज यावे हे प्रत्येकाने आपल्या वजनाप्रमाणे ठरवायचे असते. स्वस्त बोर्डात ट्रक अनेकदा प्लास्टिकचा असतो आणि बुशिंग इतकी कडक असते की दहा वर्षांच्या मुलाच्या वजनाने ती दबतच नाही. मूल झुकते, बोर्ड सरळच जातो आणि मूल बाजूला पडते. याची परीक्षा दुकानातच करावी: बोर्ड जमिनीवर ठेवून मुलाला हात धरून वर उभे करावे आणि आधी टाचांवर, मग चवड्यांवर भार टाकायला सांगावे. फळी दोन्ही बाजूंना झुकली नाही, तर तो बोर्ड घेऊ नये.

चाकांबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण नागपुरात सगळा प्रश्न चाकांपाशी येऊन थांबतो. स्केटबोर्डचा जन्म कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या लाटांवर फळी चालवणाऱ्यांमध्ये झाला, आणि सुरुवातीच्या बोर्डांना आधी लोखंडी आणि नंतर चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाची चाके असत. रस्त्यावर बारीक खडा आला तरी अशी चाके जागीच अडत आणि चालवणारा पुढे फेकला जाई. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाके स्केटबोर्डसाठी बाजारात आणली आणि या खेळाचे स्वरूप पालटले, कारण हा पदार्थ रस्त्याला धरून राहतो, धक्का थोडासा पोटात घेतो आणि लहान खड्यावरून निघून जातो. स्वस्त बोर्डाची कठीण प्लास्टिकची चाके पाहिली की वाटते, आपल्या मुलांना आपण पन्नास वर्षे मागे नेऊन शिकवू पाहत आहोत. चाकावर नख जोराने दाबून पाहावे. पॉलियुरेथेन थोडे तरी दबल्याचे जाणवते, प्लास्टिक दगडासारखे लागते, आणि जमिनीवर फिरवल्यास मोठा खडखडाट करते.

दुसरा बोर्ड मी साडेतीन हजारांच्या आसपास ऑनलाइन मागवला. सात थरांची आठ इंच रुंद फळी, धातूचे ट्रक आणि बावन्न मिलिमीटर व्यासाची पॉलियुरेथेन चाके, असा तो तयार जोडलेला बोर्ड होता. त्याबद्दल माझे मत स्पष्टपणे चांगले आहे. ट्रक पहिल्याच दिवशी थोडे सैल केल्यावर बारा वर्षांच्या मुलीलाही वळण घेता आले. फळीचे मागचे वर वळलेले टोक, म्हणजे शेपटी, जमिनीवर आपटून पुढचा पाय फळीवरून घासत पुढे नेल्यावर बोर्ड पायांबरोबर उचलला जातो. या उडीला ऑली म्हणतात. ॲलन गेलफंड यांनी ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात उतारांच्या भिंतींवर घडवली आणि पुढे रॉडनी मुलेन यांनी ती सपाट जमिनीवर आणली. आजच्या रस्त्यावरच्या जवळजवळ सर्व कसरती तिच्यावर उभ्या आहेत. या बोर्डाच्या शेपटीचा चढ आणि वरच्या खरखरीत कागदाची, म्हणजे ग्रिप टेपची, पकड ऑली शिकण्यास पुरेशी आहे. स्वस्त बोर्डावर ऑली शिकलेला एकही मुलगा मी आजवर पाहिलेला नाही.

तरीही हा बोर्ड जसा आला तसा नागपूरच्या रस्त्यांना मानवत नाही. आपल्या शहरात गेल्या काही वर्षांत सिमेंटचे रस्ते बरेच झाले आहेत आणि बाहेरून आलेल्या स्केटरला ते पाहून आनंद होतो. पण गाड्या घसरू नयेत म्हणून या रस्त्यांच्या पृष्ठभागावर आडव्या बारीक रेषा ओढलेल्या असतात, आणि सिमेंट आकुंचन पावताना वेडेवाकडे तडकू नये म्हणून साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे कापलेले असतात. तयार बोर्डाबरोबर येणारी लहान आणि कठीण चाके, ज्यांचा कठीणपणा बहुधा ९५ए ते १००ए असतो (आकडा जितका मोठा तितके चाक कठीण), गुळगुळीत फरशीवर उत्तम चालतात. या रेषांवर मात्र गुडघ्यापर्यंत थरथर पोहोचते आणि दोन ढकलांनंतर वेग मरतो. रस्त्याच्या कडेला जेथे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, लावलेले आहेत तेथे, किंवा सिमेंट आणि गट्टू यांच्या पातळीत बोटभर फरक राहिला आहे तेथे, कठीण चाक हमखास अडकते. मी या बोर्डाला साठ मिलिमीटरची, ७८ए कठीणपणाची मऊ चाके बसवली आणि तोच बोर्ड अंबाझरीच्या बाजूच्या रस्त्यांवर अगदी शांतपणे चालू लागला. चाके मोठी झाल्यामुळे झुकताना ती फळीला घासून बोर्ड एकदम थांबण्याचा धोका असतो, म्हणून ट्रक आणि फळी यांच्यामध्ये पातळ रबरी चकती घालावी आणि त्यासाठी थोडे लांब बोल्ट घ्यावेत. ज्यांना कसरतीच शिकायच्या आहेत त्यांनी कठीण चाकेही जपून ठेवावीत; वस्तीतील बास्केटबॉलचे गुळगुळीत मैदान सकाळी रिकामे मिळाले, तर तेथे तीच चाके लावावीत.

बेअरिंगवर लोक विनाकारण खर्च करतात. वेष्टनावर एबेक ७ किंवा ९ असे आकडे छापलेले असतात, पण बेअरिंगच्या अचूकतेचे ते मानांकन यंत्रांमधील अतिवेगवान आसांसाठी आहे. उडी मारून उतरताना बसणाऱ्या आडव्या धक्क्याचा त्यात विचार नाही. स्केटबोर्डचे बेअरिंग ६०८ या मापाचे, म्हणजे आठ मिलिमीटरचे छिद्र आणि बावीस मिलिमीटरचा बाह्य व्यास असलेले असते आणि लहान विद्युत मोटरींमध्येही हेच माप वापरले जाते. त्यामुळे एखादे बेअरिंग कुरकुरू लागले, तर मोटर दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानात ते सहज मिळते. पावसाळ्यात मात्र ओल्या रस्त्यावर बोर्ड काढूच नये. बेअरिंग गंजते, फळीच्या कडांतून पाणी शिरून थर सुटू लागतात आणि मग कोणताही उपाय चालत नाही. उन्हाळ्यात तो बंद गाडीत ठेवू नये. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा ग्रिप टेपचा गोंद मऊ होऊन कडा उचलल्या जातात.

या सगळ्यात जागेचा प्रश्न उरतोच. नागपुरात रोलर स्केटिंगचे वर्ग आहेत, मुले तेथे शिस्तीने शिकतात, पण बोर्ड घेऊन आलेल्या मुलाला रिंकवर सहसा जागा मिळत नाही, आणि रस्ते वाहनांचे असल्यामुळे पहाटेचा एक-दीड तासच काय तो आपला. समुद्र नाही, लाटांवर खेळण्याची परंपरा नाही, म्हणून हा खेळ आपल्या शहराचा नव्हे असे म्हणणाऱ्यांना मी अमेरिकेच्या मध्यभागातील आयोवा राज्यातले डे मॉइन शहर दाखवतो. समुद्रापासून फार दूर असलेल्या त्या शहरात २०२१ साली नदीकाठी ८८ हजार चौरस फुटांचे लॉरिडसन स्केटपार्क सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले, आणि त्याच वर्षी तेथे ऑलिंपिक पात्रतेची स्पर्धाही झाली. त्याहून जवळचे उदाहरण आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. पन्ना जिल्ह्यातील जनवार या गावात २०१५ साली जर्मनीच्या उलरिके राइनहार्ड यांच्या पुढाकाराने काँक्रीटचे स्केटपार्क उभे राहिले. शाळेत न जाणाऱ्याला बोर्ड नाही आणि मुलींना पहिला मान, असे त्याचे नियम आहेत, आणि त्या गावातील आशा गोंड पुढे जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचली. आपल्याच राज्यातील पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट, म्हणजे रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांसारख्या अडथळ्यांवर खेळायच्या, प्रकारात सुवर्णपदक मिळवले. नागपुरातील एखाद्या उद्यानाच्या कोपऱ्यात गुळगुळीत काँक्रीटचा चौथरा, दोन उतार आणि एक लोखंडी कठडा एवढे जरी झाले, तरी माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्मी मुले पुढच्या वर्षी खेळत असतील, याची मला खात्री वाटते.

तोवर खरेदी कशी करावी ते सांगतो. मूल आठ वर्षांच्या आतले असेल, तर साडेसात इंचांच्या आसपासची फळी घ्यावी, मोठ्यांनी आठ इंच किंवा अधिक. एकूण खर्च पाच हजारांच्या आसपास धरावा, ज्यात साडेतीन हजारांचा बोर्ड आणि उरलेल्या रकमेत मऊ चाके, रबरी चकत्या आणि बोल्ट येतील. तेवढे पैसे नसतील, तर स्वस्त नवा बोर्ड घेण्यापेक्षा एखाद्या जुन्या स्केटरचा वापरलेला, पण चांगल्या ट्रकचा बोर्ड विकत घ्यावा. चांगले ट्रक अनेक वर्षे टिकतात आणि फळी नंतर बदलता येते. हेल्मेटचा खर्च वेगळा धरावा. त्यावर ईएन १०७८ हे मानक छापलेले आहे का ते पाहावे, कारण त्यात सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींचा विचार केलेला आहे. नवशिके बहुधा हातांवर पडतात, म्हणून मनगटाचे संरक्षकही घ्यावेत. आमच्याकडे हेल्मेटशिवाय आलेल्या मुलाला मी बोर्डावर उभे राहू देत नाही, आणि त्याचा दिवस वाया जाऊ नये म्हणून एक जादा हेल्मेट नेहमी बरोबर ठेवतो.