ग्रॅम्प्स: सीमाभागातल्या वंशावळीला फुकटचं, पण कष्टाचं सॉफ्टवेअर

ग्रॅम्प्स हे वंशावळ ठेवण्याचं मोफत सॉफ्टवेअर आहे. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं, इंटरनेट नसलं तरी चालतं आणि माहिती आपल्याच संगणकात राहते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घराण्यांना ते कितपत पुरतं, एवढाच इथं प्रश्न. आधीच सांगायचं तर कागद जुळवण्यात ते पैकीच्या पैकी मार्क घेतं. पै-पाहुणे जोडून ठेवण्यात काठावर पास होतं.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे ठिकाणांची नोंद. आपल्याकडं घर जागेवर राहतं आणि राज्य बदलतं. येळ्ळूरला 1950 साली जन्मलेला माणूस मुंबई राज्यातला, तिथंच 1960 साली जन्मलेला त्याचा धाकटा भाऊ म्हैसूर राज्यातला आणि 1980 सालचा पुतण्या कर्नाटकातला. बहुतेक अ‍ॅपमध्ये ठिकाण म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली एक ओळ असते, त्यामुळं एकाच गावाच्या चार नोंदी होऊन बसतात. ग्रॅम्प्समध्ये गाव एकदाच घालायचं. ते कोणत्या तालुक्यात, तालुका कोणत्या जिल्ह्यात, जिल्हा कोणत्या राज्यात, ही उतरंड ‘एन्क्लोज्ड बाय’ या टॅबमध्ये भरायची आणि प्रत्येक दुव्याला तारीख द्यायची. मग ज्या सालची घटना, त्या सालचा पत्ता सॉफ्टवेअर स्वतः लिहितं.

इथं एक चूक हमखास होते. हद्द बदलणं वेगळं आणि नाव बदलणं वेगळं. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. ही हद्द बदलली, म्हणून जिल्ह्याला दोन तारीखवार दुवे हवेत. म्हैसूरचं कर्नाटक झालं 1 नोव्हेंबर 1973 ला. राज्य तेच, नाव नवं, म्हणून राज्याची नोंद एकच ठेवून तिला पर्यायी नाव तारखेसकट द्यायचं. 1 नोव्हेंबर 2014 पासूनचं जिल्ह्याचं अधिकृत नाव ‘बेळगावी’ हेही तसंच. चंदगडची गंमत उलटी. 1956 पर्यंत तो बेळगाव जिल्ह्यातला तालुका. फेररचनेत तो मुंबई राज्यातच राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. तालुक्याला दोन दुवे, कोल्हापूर जिल्ह्याला दोन दुवे, एवढं एकदा बसवलं की चंदगडकडच्या सगळ्या सोयरिकी बिनचूक दिसतात. संस्थानी गावं असतील तर 1948-49 च्या विलीनीकरणाआधीचा दुवाही लागेल. या भरणीला एक सबंध संध्याकाळ जाते, पण ती माणसं भरायच्या आधीच घालवावी. घटनेला तारीखच नसेल तर हे सगळं वाया जातं, म्हणून ‘अबाउट 1940’ असं अंदाजे साल तरी टाकावं.

शके आणि तिथी मात्र ग्रॅम्प्सला कळत नाहीत. इस्लामी, हिब्रू, पर्शियन, इतकंच काय फ्रेंच क्रांतीचं कॅलेंडरही त्यात आहे, आपलं शालिवाहन शक नाही. शकात 78 मिळवून इसवी सन काढावा; तिथी पौष ते फाल्गुनातली असून 1 जानेवारीला किंवा त्यानंतर येत असेल तर 79. मूळ तिथी तारखेच्या खिडकीतल्या ‘टेक्स्ट कॉमेंट’मध्ये जशीच्या तशी लिहावी. नुसता मजकूर तारीख म्हणून टाकला तर ती नोंद कालक्रमात लागत नाही.

नावांचं गणित सुटतं, पण आडवळणानं. आडनावाच्या तक्त्यात दोन ओळी करायच्या: एकीत वडिलांचं नाव, प्रकार ‘पॅट्रोनिमिक’, दुसरीत आडनाव, आणि ‘प्रायमरी’ची खूण या दुसऱ्या ओळीवर. मग प्रेफरन्समध्ये नावाची स्वतःची मांडणी करायची: गिव्हन, पॅट्रोनिमिक, प्रायमरी. बायकांचं मुख्य नाव माहेरचं ठेवा, सासरचं ‘मॅरिड नेम’ म्हणून जोडा. उलटं केलंत तर आईकडची बाजू दोन पिढ्यांतच अडते. लग्नात बदललेलं पहिलं नाव, गावात पाटील आणि शहरात गावाच्या नावानं ‘-कर’ अशी दुहेरी आडनावं, आधार कार्डावरचं रोमन स्पेलिंग, सगळं पर्यायी नावांत जातं. शोधताना उजवीकडचं फिल्टर वापरा. ते पर्यायी नावंही धुंडाळतं, वरची साधी शोधपट्टी नाही.

पुरावा ठेवण्याची रीत हा दुसरा भक्कम भाग. कचेरी म्हणजे रिपॉझिटरी, दप्तर म्हणजे सोर्स, पान म्हणजे सायटेशन, आणि प्रत्येक सायटेशनला विश्वासाच्या पाच पायऱ्या. आपल्याकडं हे फार लागतं, कारण पुरावे एका जातीचे नसतात. जुन्या मोडी कागदांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. बाईचं नाव सापडण्याची सगळ्यात मोठी आशा त्या ‘कोम’मध्येच असते. उताऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्याचे भाऊ असूनही कागदावर नाहीत. तिथं एकुलता एक समजून पुढं गेलात की चुलत घराणं कायमचं हरवतं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. यावरून मुलाचं वय ताडता येतं. वारसाचे जुने फेरफार मराठीत, 1956 नंतरचे हळूहळू कन्नडमध्ये, आणि आजची ‘भूमी’ या कर्नाटकच्या संगणकी जमीननोंदीतली पहाणी, म्हणजे तिकडचा सातबारा, पूर्ण कन्नड. म्हणून सायटेशनच्या टिपणात मूळ ओळ लिपीसकट उतरवून खाली मराठी अर्थ द्यावा.

हेळवी म्हणजे पिढीजात वंशावळ सांगणारे; त्यांची वंशावळही इथंच बसते. हेळवी घरी येऊन पोथीतून सात-आठ पिढ्या वाचतो, पण तो क्रम बहुधा पुरुषांचाच असतो आणि तारखा नसतात. त्याला स्वतंत्र सोर्स करावं, विश्वास ‘लो’ किंवा ‘नॉर्मल’, आणि उताऱ्याशी जुळलेल्या पिढीपुरता तो वाढवावा. हेळव्याचं वाचन चालू असताना, दक्षिणा देण्याआधीच, रेकॉर्डिंगची परवानगी विचारलेली बरी.

दत्तकाचं काम सरळ आहे. एकाच मुलाला जन्माचे आणि दत्तक असे दोन्ही आई-बाप लावता येतात. फक्त तक्ते ‘मुख्य’ आई-बापांवरून निघतात, तेव्हा इस्टेट दत्तक घराची आणि तक्ता जन्मघराचा, असा घोळ छापण्याआधी तपासा. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं सर्रास. पूर्वजांच्या साध्या तक्त्यात तेच आजोबा दोनदा येतात; ‘रिलेशनशिप ग्राफ’मध्ये एकदाच येऊन रेषा जुळतात. कुलदैवत, देवक, गोत्र ‘अ‍ॅट्रिब्यूट’ म्हणून घालावं. एकदा ‘कुलदैवत’ आणि एकदा ‘कुलस्वामी’ असं लिहिलंत तर फिल्टर फसतो.

आता पाहुण्यांची बाजू. नाती सांगणारं गणकयंत्र आहे, पण इंग्रजी मांडणीत काका, मामा, आत्याचा नवरा सगळे ‘अंकल’. आपल्या घरात त्याचा उपयोग शून्य. मोबाइल अ‍ॅप नाही. एका वेळी एकानंच फाइल उघडायची. यावर ग्रॅम्प्स वेब हा उपाय आहे: ब्राउझरमध्ये चालतो, पाहुणा, सदस्य, संपादक, मालक असे हक्क वाटता येतात. पण तो बहुधा स्वतःच्या सर्व्हरवर, डॉकर नावाच्या तांत्रिक साधनानं बसवावा लागतो. घराण्यात पुण्या-बंगळूरला संगणकावर काम करणारा एखादा भाचा असेल तरच त्या वाटेला जावं. नाहीतर साधी सोय अशी: फाइल एकाकडं, व्हॉट्सअ‍ॅप गटात शाखेमागं एक जबाबदार माणूस, आणि दुरुस्ती नेहमी कागदाच्या फोटोसकट. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकटात सगळ्यांना एकत्र काम करता येतं, पण तिथं सगळ्या जगाचं झाड एकच, आणि वारलेल्या माणसाची नोंद कुणीही परका बदलू शकतो. भाऊबंदकीचे दावे चालू असलेल्या घरानं तिकडं जाऊ नये.

फाइल बाहेर देताना हयात माणसं वगळण्याची सोय वापराच. तिथं एक खाच आहे. मेल्याचा काही पुरावा नसेल तर ग्रॅम्प्स माणसाला हयात धरतं. तारखा नसलेले पणजोबा त्यामुळं गाळले जातात. त्यांना तारखेशिवाय नुसती मृत्यूची घटना जोडली की काम होतं.

बॅकअप ‘.जीपीकेजी’ प्रकारात घ्या, त्यात फोटोही जातात. साध्या फाइलीत फोटोंचा फक्त पत्ता असतो आणि फोल्डर हलवला की सगळे चेहरे गायब. दुसऱ्या वंशावळ सॉफ्टवेअरला द्यायची गेडकॉम प्रकारची फाइलही निघते, पण तारखेनुसार बदलणाऱ्या ठिकाणांची सगळी मेहनत त्यात गळते, म्हणून गेडकॉमला बॅकअप समजू नका.

छपाईसाठी वंशजांचा तक्ता पीडीएफमध्ये ए-झिरो, म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर मापात काढा आणि ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडा. ग्राफच्या अहवालात फॉन्ट हेल्व्हेटिका ठेवू नका, ट्रू-टाइपचा पर्याय घ्या. ‘ज्ञ’, ‘त्र्य’, ‘र्‍या’ नीट उमटतात का, हे ए-फोरवर एक प्रत काढून बघा आणि मगच फ्लेक्सवाल्याकडं जा. पाच पिढ्यांच्या वर एका तक्त्यात नावं वाचवत नाहीत. तेव्हा शाखेगणिक वेगळा तक्ता काढावा. नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीत, वारसासाठी लागणारा वंशवृक्ष मात्र हा नव्हे. तो त्यांच्या अर्जावरच काढावा लागतो. ग्रॅम्प्समधून त्यासाठी नावं आणि मृत्यूच्या तारखा तेवढ्या तयार मिळतात.